उसाच्या ट्रॉलीला मागून दिसणारा दिवा: रंग कुठला, किती वेळा लुकलुकवायचा, बांधायचा कुठं?

वायरिंगवाला (आष्टा):
राम राम मंडळी. आष्ट्याजवळ माझं ऑटो वायरिंगचं दुकान आहे. गळीत हंगाम सुरू झाला की दारात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, आणि तक्रार एकच, "मागची लाइट लागंना." लागणार कशी? सात पिनांच्या सॉकेटात चार पिना शिल्लक, वायर कुठल्यातरी वळणावर ओढून तुटलेली, अर्थिंग ट्रॉलीच्या हुकाच्या पिनेतून घेतलेलं. खड्ड्यात पिन हलली की दिवा गेला. दोन ट्रॉल्या असल्या तर मागच्या ट्रॉलीपर्यंत करंट पोचला तर नशीब. आणि समजा हे सगळं नीट करून दिलं, तरी ऊस मागं हात-दोन हात बाहेर आलेला असतो. वाडं (उसाचा हिरवा शेंडा) खाली लोंबतं आणि दिवे, रिफ्लेक्टर, नंबर प्लेट सगळं झाकून टाकतं. मागून येणाऱ्याला रात्री दिसतो तो काळा ढीग, तोही अंगावर आल्यावर.

म्हणून ट्रॅक्टरच्या वायरिंगवर अवलंबून नसलेला दिवा करतोय. 12 व्होल्ट 7 एएच (अँपिअर-तास) एसएमएफ, म्हणजे पाणी न घालावी लागणारी बंद बॅटरी, तीन नारिंगी पॉवर एलईडी सिरीजमध्ये, 15 ओहमचा रेझिस्टर, लुकलुकायला 555 टायमर चिप. ट्रॅक्टरवरून करंट मिळाला तर तोही घेईल अशी सोय ठेवायचीय. गिऱ्हाइकांची मागणी मात्र वेगळीच, "पोलिसांच्या गाडीवर असतंय तसलं लाल-निळं फटफट करून द्या." मला ते पटत नाही, पण का पटत नाही ते नीट सांगता येत नाही. रंग, वेग, जागा, तिन्हीवर बोला. आणि रेझिस्टर चालेल का तेही सांगा.

दिवाबत्ती (चाकण):
वाहनांच्या दिव्यांच्या डिझाइनमध्ये नोकरी करतो, म्हणून थोडं लांबण लावतो.

लाल-निळं विसरा. पहिलं कारण कायदा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम 108 बघा. 1 मे 2017 पासून मंत्र्यांच्या गाडीवरचा लाल दिवासुद्धा उतरला, तिथं ट्रॉलीला कोण देतंय? दुसरं कारण डोळ्याचं. उजेडात आपला डोळा 555 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे हिरवट पिवळ्याला सगळ्यात तिखट असतो. अंधारात तोच 507 कडे, म्हणजे निळ्याच्या बाजूला सरकतो. त्यामुळे काळ्याकुट्ट रस्त्यावर निळा दिवा आहे त्याहून प्रखर वाटतो आणि मागच्याला दिपवतो. दिपलेल्या माणसाला दिवा दिसतो, ट्रॉली दिसत नाही. नारिंगी हा इंडिकेटरचा, हॅझार्डचा ओळखीचा रंग. पण कायद्याने मागचा कायमचा दिवा लालच लागतो. तुमचा दिवा त्याच्या जोडीला, त्याच्याऐवजी नव्हे. बाजारात आणण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

वेग: इंडिकेटर मिनिटाला 60 ते 120 वेळा लुकलुकतो. युरोपात इशारा दिव्यांसाठी आर-65 हा नियम आहे, त्यात सेकंदाला 2 ते 4 वेळा. तुम्ही 2 धरा. सेकंदाला आठ-दहा वेळा फडफडणारा दिवा नजर खेचतो खरा, पण तो किती लांब आहे, जवळ येतोय का, हे मेंदूला जुळवता येत नाही. काहींना तसल्या फडफडीने फिट येऊ शकते ते वेगळंच. ताशी 80 ने येणारी गाडी सेकंदाला 22 मीटर कापते. दिवा अर्धा सेकंद विझलेला राहिला तर ती 11 मीटर आंधळीच आली. म्हणून नुसता लुकलुकणारा नको, सोबत मंद लाल दिवा कायम पेटता ठेवा. लुकलुकणारा हाक मारतो, पेटता अंतर सांगतो.

आता रेझिस्टर. तीन नारिंगी एलईडी म्हणजे साधारण 6.6 व्होल्ट. 12 व्होल्टला (12 − 6.6) ÷ 15 = 0.36 अँपिअर, ठीक. पण ट्रॅक्टर चालू असताना चार्जिंग 14.4 ला जातं. मग (14.4 − 6.6) ÷ 15 = 0.52. जवळजवळ दीडपट! एलईडी तापणार. आणि नारिंगी एलईडीचा स्वभाव असा की तापला की त्याचा उजेड निळ्या-पांढऱ्यापेक्षा कितीतरी जास्त घटतो. म्हणजे करंट वाढला आणि उजेड घटला. साधा कॉन्स्टंट करंट ड्रायव्हर (व्होल्ट बदलले तरी करंट तेवढाच ठेवणारं सर्किट) टाका, एलईडी ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवा. आत येणाऱ्या वायरीवर फ्यूज, उलट्या जोडणीपासून संरक्षण आणि व्होल्टेजची उसळी गिळणारा टीव्हीएस डायोड हवाच. ट्रॅक्टरच्या बॅटरीचं टर्मिनल ढिलं होऊन चालत्या इंजिनात सुटलं की अल्टरनेटर काही क्षण 80-100 व्होल्टपर्यंत उसळी मारू शकतो. 555 टायमर बिचारा 16-18 व्होल्टचा गडी, एका झटक्यात खलास.

एलडीआर (उजेड ओळखणारा सेन्सर) लावून रात्री उजेड कमी करा. दुपारी उन्हात दिसेल एवढा दिवा रात्री डोळे फोडतो. काचेला ॲक्रिलिक नको, तडकतं. पॉलिकार्बोनेट घ्या, उन्हाला टिकणारं.

रातराणी (एसटी चालक):
इंजिनिअर साहेबांचं बरोबर, पण स्टिअरिंगवर बसून काय दिसतं ते मी सांगतो. समोरून गाडी आली, तिनं अप्पर मारला की दोन क्षण पुढचं काही म्हणता काही दिसत नाही. त्यात ट्रॉलीला एकच दिवा असला की मी समजतो मोटारसायकल आहे, आणि तेवढीच जागा सोडून गाडी काढायला बघतो. दिवा डाव्या अंगाला असेल तर ट्रॉलीचं उजवं टोक थेट माझ्या काचेत. तेव्हा दिवे दोन, दोन्ही टोकांना, एकाच उंचीवर, आणि एकाच वेळी पेटणारे. आलटून पालटून लावलेत तर लांबून दोन मोटारसायकली वाटतात. रिफ्लेक्टरची टेप लावतात, पाचटाखाली ती कुणाला दिसणार?

वायरिंगवाला (आष्टा):
मोटारसायकलचा मुद्दा डोक्यात नव्हता. मग एका अँगलला दोन्ही टोकांना दिवे बसवून तो अँगलच उसाच्या मागच्या मोळ्यांना बांधला तर? ऊस जिथं संपतो तिथंच दिवा.

काटा-गव्हाण:
थांबा! मी कारखान्याच्या यार्डात असतो. वर्षानुवर्षं उसातून काय काय येतं ते बघतोय: कोयते, साखळ्या, ट्रॉलीची पिन, एकदा तर जॅक. क्रेननं ट्रॉली रिकामी करताना ड्रायव्हर अर्धवट झोपेत असतो, रात्रभर नंबर लावून बसलेला. तुमचा अँगल मोळ्यांना बांधला तर तो उसाबरोबर गव्हाणीत, म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्यावर जाणार, तिथून कटरवर. चुंबक असतंय, पण सगळं लोखंड पकडतंय असं नाही, ॲल्युमिनियम तर नाहीच. कटरचं पातं मोडलं की गाळप बंद, मग यार्डातल्या सगळ्या गाड्या तुमच्या नावानं खडे फोडतील.

अँगल उसाला नको, ट्रॉलीच्या चॅसीला. मागं सरकणारा दांडा करा, पाइपात पाइप. ऊस भरल्यावर बाहेर ओढून खिळ घालायची, रिकामी झाली की आत ढकलायची. रिकामी ट्रॉली परत जाताना पण दिवा लागतोच की, रात्री दोनला रिकाम्या ट्रॉल्याच पळत असतात. आणि दांडा साखळीनं चॅसीला जखडून टाका, नाहीतर दुसऱ्या रात्री दुसऱ्याच ट्रॉलीवर दिसेल.

दिवाबत्ती (चाकण):
पाइपात पाइप झकास. दांडा वाड्याच्या खालून निघाला पाहिजे, एवढं बघा. बॅटरी मात्र दांड्यावर नको, हिसक्यांनी टर्मिनल तुटतील.

वायरिंगवाला (आष्टा):
बॅटरी ट्रॉलीच्या पुढच्या बाजूला, पेटीत. हिशेब असा: नारिंगी दिवा सेकंदाला दोनदा, दर वेळी 0.15 सेकंद पेटता, म्हणजे तीस टक्के वेळ. दोन दिव्यांचा सरासरी 0.22 अँपिअर, दहा तासांना 2.2 एएच. लाल दिवे कायम पेटते, दोन्ही मिळून 40 मिलिअँपिअर, त्याचे 0.4. एकूण 2.6 एएच. एसएमएफ निम्म्याखाली उतरवायची नाही म्हटलं तर 3.5 मिळतात, म्हणजे एक रात्र निवांत आणि रोज चार्जिंग. एलडीआरनं उजेड कमी झाला तर आणखी वाचेल.

ड्रायव्हर सर्किटला मी तयार आहे, पण गिऱ्हाईक पाच रुपयांवर तासभर घासाघीस करतंय. टीव्हीएस आणि फ्यूज मी न विचारता टाकणार, बिलात वेगळं लिहिणारच नाही. पाइपाचं माप कुणाला माहीत असेल तर सांगा. चॅसीच्या चॅनेलला वेल्डिंग करायला ट्रॉलीवाले तयार होत नाहीत, यू-बोल्टवर बसेल असं काहीतरी पाहिजे.

काटा-गव्हाण:
यू-बोल्टच करा, डबल नट घालून. उद्या यार्डात चार-पाच ट्रॉल्यांचा चॅनेल मोजून इथंच टाकतो. सगळ्या गावातल्या फॅब्रिकेशनच्या, एकाचं माप दुसऱ्याला लागत नाही.