डोळ्यांचे टक्के कोणी ठरवायचे, आणि चुकले तर दाद कुठे मागायची?

कोरा कागद
सरळ मुद्द्यावर येतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अल्पदृष्टी मोजायच्या दोन वाटा सांगितल्या आहेत. चष्मा लावूनही बऱ्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी असेल तर एक, आणि नजरेचा घेर ४० अंशांपेक्षा कमी उरला असेल तर दुसरी. यातलं एक भरलं तरी पुरे. माझ्या मामेभावाला आरपी (रेटिनायटिस पिगमेंटोसा, नजरेचा घेर आक्रसत नेणारा पडद्याचा आजार) आहे. समोरचा तक्ता तो ६/९ पर्यंत घडाघडा वाचतो, पण बाजूने आलेली मोटरसायकल, पायात आलेलं कुत्रं, अर्धवट उघडं दार यातलं काही दिसत नाही. दिवेलागणीनंतर एकटा घराबाहेर पडत नाही. सिव्हिल हॉस्पिटलच्या मेडिकल बोर्डाने तक्ता वाचून घेतला, घेर मोजणाऱ्या फील्ड टेस्टचं यंत्र बंद होतं, आणि दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज नामंजूर.

यंत्र दुरुस्त होईल हो. पण माझा राग अपंगत्वाच्या टक्क्यांवरच आहे. डोळा किती बिघडला ते त्यातून कळतं, माणसाचं काय अडलं ते कळत नाही. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा शाबूत असेल तर ३० टक्के. म्हणजे पांढरं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र, ४० टक्क्यांखाली पांढरं), आणि ४० ची अट असलेल्या सगळ्या योजना बंद. एक डोळा गेलेल्या गवंड्याला परांचीवर कोण चढवतो सांगा.

सिव्हिलचा माणूस
नेत्र चिकित्सा अधिकारी म्हणून निवृत्त झालोय, तेव्हा या शिव्यांत माझाही वाटा. तुमच्या भावाचं काम चुकीचं झालंय, वाद नाही. रातांधळेपणाची तक्रार असेल तर औषध घालून बाहुली मोठी करायची, पडदा बघायचा आणि फील्डसाठी मेडिकल कॉलेजला पाठवायचं. यंत्र बंद होतं म्हणून माणूस अपात्र, असं कुठल्याही नियमात नाही.

पण टक्के नकोत हे पटत नाही. बोर्डाच्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकाला ४० हवेच असतात. काही जण सगळ्यात मोठं अक्षरसुद्धा 'दिसत नाही' म्हणतात. मग आम्ही बिननंबरी काच फ्रेममध्ये टाकतो आणि 'आता या भिंगातून बघा' म्हणतो. तीन ओळी सहज वाचतात! त्यानेही संशय फिटला नाही तर व्हीईपी, म्हणजे डोळ्याचा संदेश मेंदूपर्यंत पोचतो का ते यंत्रावर बघायची तपासणी. खोट्याने लाभ घेणाऱ्याला दिव्यांग कायद्याच्या कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि सही करणाऱ्याची चौकशी वेगळीच. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रांवरून गदारोळ झाला, तेव्हापासून आमचे लोक सही करताना दहादा विचार करतात. मोजता येईल असं काही हाती नसेल तर सही कशाच्या जोरावर करायची?

लेस्टरकर
मोजता येतं की. इकडे इंग्लंडमध्ये २०१३ पासून 'पिप' नावाचा भत्ता आहे. त्यात निदानावर गुण नाहीत. स्वयंपाक, औषधं, वाचन, कपडे, प्रवास यातलं काय जमत नाही त्याला गुण. आठ झाले की साधा दर, बारा झाले की वरचा. रोजच्या ओळखीच्या वाटेनेही सोबतीचा माणूस, मार्गदर्शक कुत्रा किंवा काठीशिवाय जाता येत नसेल, तर त्या एकाच प्रश्नाचे बारा. नाकारलं तर महिन्याच्या आत फेरविचार मागायचा, तिथेही नाही म्हणाले तर ट्रायब्युनल. त्यात एक न्यायाधीश, एक डॉक्टर आणि अपंगत्वाची जाण असलेली एक व्यक्ती.

इथे सगळं गोड आहे असं नाही. मुलाखत घेणारा 'नजरेला नजर देऊन बोलत होते' असं लिहून गुण कापतो, ही तक्रार नेहमीची. पण कुठे किती गुण दिले ते कागदावर येतं, म्हणून भांडायला जागा राहते.

सजा वीस
लेस्टर लेस्टरला राहू द्या. 'याचं काय काय अडतं' हे आपल्या तालुक्यात ठरवणार कोण? संजय गांधी निराधार पेन्शनच्या समितीत अशासकीय मंडळी कोणाच्या मर्जीने बसतात ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. ज्याच्यामागे कोणी नाही त्याचा अर्ज चिठ्ठीशिवाय पुढे सरकतो तो त्या ४० च्या आकड्यामुळे. तोही काढलात तर निम्मं गाव आंधळं होईल आणि खरा आंधळा बाहेरच्या बाकावर बसून राहील.

आणि टक्के मिळाले तरी पुढे उत्पन्नाचा दाखला आहेच. दिव्यांगांसाठी कुटुंबाची मर्यादा वर्षाला ५०,०००, म्हणजे महिन्याला चार हजारांच्या जरा वर. घरातलं एक माणूस रोजंदारीवर नियमित गेलं तरी ती ओलांडते. ऑक्टोबर २०२५ पासून महिन्याची रक्कम १,५०० ची २,५०० केली, छान झालं. मर्यादा मात्र तीच. माझ्या पाहण्यात डोळ्यांपेक्षा दाखल्यावर पडलेले अर्ज जास्त आहेत.

पांढरी काठी
मी जन्मापासून पूर्ण अंध, बँकेत नोकरी. एक अप्रिय गोष्ट बोलते. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना ४ टक्के, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी मिळून. आत्ताच साहेब लोक म्हणतात, 'थोडं दिसणारा असेल तर बघा'. त्या एका टक्क्यात एका डोळ्याने नीट बघणारेही आले तर आम्ही घरी बसायचं. ३० टक्क्यांची ओळ कोणाला निर्दयी वाटत असेल, मला ती दार लावून घेणारी कडी वाटते. आरपीवाल्या भावाला जरूर मिळावं, त्याला कायद्यानेच मिळतंय.

डावा डोळा
ताई, तुमची जागा मागितली कोणी? फटाक्याने माझा डोळा गेला. अंतर कळत नाही, चहा कपाबाहेर ओततो. आरक्षण नको. जड वाहनाचा परवाना गेला, त्या बदल्यात दुसरं काम शिकायला कर्ज मागितलं, तर तिथेही ४० ची अट.

पांढरी काठी
कर्जाला माझी हरकत नाही. एकदा चाळिसाचे तीस केले की ते फक्त कर्जापुरतंच राहील, यावर मात्र माझा विश्वास नाही.

कोरा कागद
मग प्रत्येक लाभाची ओळ वेगळी ठेवा ना. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमारच्या खटल्यात परीक्षेला लेखनिक देण्यासाठी ४० टक्क्यांची अट धरायची नाही, गरज बघायची असं सांगितलंच आहे. सजा वीस यांची चिठ्ठीची भीती खरी आहे, पण त्यामुळे आकडा देणाऱ्याला जाब विचारायचाच नाही का? कलम ५९ मध्ये अपील आहे. नकाराची कारणं लेखी द्यायची, त्यासाठी २०१७ च्या नियमांत नमुना ८ जोडलेला होता. आमच्या हाती पोर्टलवरचा एक शब्द आला. कारणच माहीत नाही, तर अपिलात लिहू काय?

सिव्हिलचा माणूस
लेखनिकाला पेन्शनसारखा दरमहा पैसा लागत नाही, म्हणून ती तुलना मला लंगडी वाटते. अपिलाचं म्हणाल तर शंभर टक्के तुमच्या बाजूने. आधी मेडिकल कॉलेजमधून दोन्ही डोळ्यांची फील्ड टेस्ट करून घ्या, छापील आलेख आणि पडद्याचा फोटो जोडा. घेर १० अंशांच्याही आत असेल तर तो अल्पदृष्टीत नाही, कायद्याने अंधत्वातच मोडतो.

कोरा कागद
कारणं लेखी मागितली तर खिडकीवर 'तसं काही देत नाही' म्हणाले.

सिव्हिलचा माणूस
खिडकीवर मागूच नका. आवक शाखेत अर्ज द्या, शिक्क्यासह पोच घ्या. सोबत माहिती अधिकारात विचारा: तपासणीच्या दिवशी फील्ड टेस्ट केली का, नसेल तर पुढे का पाठवलं नाही, यंत्र कधीपासून बंद आहे. तिसरा प्रश्न गाळू नका.