बाळाला विचारून बाप्तिस्मा द्यायचा का?

झुआरीकाठ

‘नवजीवन बायणा’ यांची परवाची पोस्ट ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी तिचा गाभा: तान्ह्या बाळाच्या डोक्यावर पाणी ओतणं ही आंघोळ आहे, बाप्तिस्मा नव्हे. ज्यांचा असा झालाय त्यांचा झालेलाच नाही, त्यांनी लाज न बाळगता पुन्हा घ्यावा. खाली आमेनांची रांग.

‘लाज न बाळगता’ हे डोक्यात गेलं म्हणून लिहितोय. माझा बाप्तिस्मा नगरच्या मंडळीत आईच्या मांडीवर असताना झाला. बाबांचा तसाच, आजोबांचाही तसाच. बाबा मुरगाव बंदरात नोकरीला लागले म्हणून आम्ही वास्कोचे झालो, तरी नोंद तिकडच्याच वहीत आहे. आता आम्ही पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती, की पिढ्यान्‌पिढ्या नुसती आंघोळ केलेले, हे बायण्याच्या वाळूवर ठरणार?

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये, सोळावा अध्याय. लुदियेचा बाप्तिस्मा झाला, तिच्या घराण्यासकट. त्याच अध्यायात फिलिप्पैच्या बंदिशाळेचा नायक, मध्यरात्री, घरच्या सगळ्यांसकट. करिंथात स्तेफनाचं घराणं. त्या घरांत तान्हं मूल होतं असं लिहिलेलं नाही, ठाऊक आहे. नव्हतं असंही लिहिलेलं नाही. पण त्या काळचं घराणं म्हणजे नवरा-बायको आणि टू बीएचके नव्हे. लेकुरवाळ्या सुना, गडीमाणसं, त्यांची पोरं, सगळी त्यात आली. पौल कलस्सैकरांना लिहितो तेव्हा सुंता आणि बाप्तिस्मा एका दमात घेतो. सुंता आठव्या दिवशी व्हायची. इसहाकाने आठव्या दिवशी कुठली साक्ष दिली होती?

बाप्तिस्म्यात आधी देव बोलतो, माणूस मागाहून. बाळाला काही कळत नसताना त्याला जवळ घेतलं जातं, यालाच आम्ही कृपा म्हणतो. कळलं म्हणून मिळालं तर ती मजुरी झाली.

नवजीवन बायणा

पोस्ट माझीच आहे आणि एक अक्षर मागे घेणार नाही.

मार्क १६:१६. ‘जो विश्वास धरतो व बाप्तिस्मा घेतो.’ आधी काय, नंतर काय, ते शाळकरी पोरही सांगेल. कूशी षंढाला फिलिप्पाने आधी शास्त्र उलगडून सांगितलं आणि मग दोघे पाण्यात उतरले. तुम्ही ‘घराणं’ म्हणून त्यात हवी तेवढी बाळं बसवताय. नाव घेऊन एका बाळाचा बाप्तिस्मा दाखवा, मी आजच पोस्ट काढतो.

हे आम्ही काल काढलेलं नाही. इ. स. २०० च्या सुमारास टर्टुलियन हा ख्रिस्ती लेखक लिहून गेला की पोरांची घाई करू नका, ख्रिस्ताला ओळखतील तेव्हा ख्रिस्ती होऊ द्या. संत ऑगस्टीनची आई संत मोनिका केवढी भाविक, तरी त्याचा बाप्तिस्मा लहानपणी झाला नाही. तो झाला ३८७ साली मिलानमध्ये, चांगला तिशी उलटल्यावर. आणि तुमच्या प्रॉटेस्टंट सुधारकांचं काय? १५२५ मध्ये झुरिकला काही माणसांनी मोठेपणी पुन्हा बाप्तिस्मा घेतला. दोन वर्षांत त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला हातपाय बांधून लिमात नदीत बुडवून मारला. कॅथलिकांनी नव्हे, सुधारलेल्यांनी!

माझं सांगतो. सावंतवाडीकडे आमच्या चर्चात महिन्याच्या आत माझ्या डोक्यावर पाणी पडलं. पुढे मी काय होतो ते वास्कोतल्या बारवाल्यांना विचारा. रविवारी मिस्साला उभा राहायचो तो शनिवारच्या वासासकट. चौतिसाव्या वर्षी बायण्याला समुद्रात उतरलो. पास्टरनी मागे आडवा केला, लाट नाकातोंडात गेली, खोकत खोकत वर आलो, आणि तेव्हापासून थेंब नाही. आई कितीतरी दिवस बोलत नव्हती. आता कुठला बाप्तिस्मा खरा, ते मला शिकवू नका.

वसईची मडगावकरीण

दारू सुटली, देवाचे आभार. पण सुटली म्हणून आईने केलेलं खोटं कशाला ठरवायचं? ती बोलली नाही यात नवल काय!

ऑगस्टीनचं अर्धंच सांगितलंत. लहानपणी तो जिवावरच्या दुखण्यात पडला, बाप्तिस्म्याची तयारी झाली, बरा झाला म्हणून पुढे ढकलला. ते का ढकललं असं तो स्वतःच पुढे खंतावून लिहितो. आणि टर्टुलियन ‘देऊ नका’ म्हणतो याचा अर्थ लोक देत होते! न होणाऱ्या गोष्टीला कोणी विरोध करतं का? २५३ च्या सुमाराला कार्थेजचा सिप्रियन आणि त्याच्यासोबतचे बिशप तर म्हणतात, आठव्या दिवसापर्यंतसुद्धा थांबू नका.

मी नर्स होते, नवजात बाळांच्या विभागात. एका रात्री सातव्या महिन्यातलं बाळ, तळहाताएवढं, काचेच्या पेटीत. आई खालच्या मजल्यावर ऑपरेशननंतर पडलेली. तिने वर निरोप धाडला, फादर येईपर्यंत टिकेल असं वाटत नाही, सिस्टर, तुम्ही करा. अडचणीच्या वेळी कोणीही देऊ शकतो, हेतू तेवढा चर्चचा हवा. निर्जंतुक पाण्याची कुपी फोडली, सिरिंजमध्ये घेतली, नळ्या चुकवून कपाळावर थेंब थेंब सोडलं. पित्याच्या, पुत्राच्या, पवित्र आत्म्याच्या नावाने. बाळाने डोळे मिटूनच तोंड वेडंवाकडं केलं. पहाटे गेलं. त्या आईला जाऊन सांगा, ती आंघोळ होती.

नवजीवन बायणा

ताई, वाईट वाटलं वाचून. पण विचारतोच. ते थेंब पडले नसते तर देवाने त्या बाळाला दाराबाहेर ठेवलं असतं? मग तो देव कसला? वधस्तंभावरच्या चोराला कुठे पाणी मिळालं होतं?

वसईची मडगावकरीण

मी असं कुठे म्हटलं? नीट वाचत चला. बाप्तिस्म्याविना गेलेल्या बालकांना आम्ही देवाच्या दयेवर सोपवतो, श्रद्धाग्रंथात तसंच छापलंय. लिंबो, म्हणजे अशी बालकं जातात असं मानलेलं स्वर्गाबाहेरचं ठिकाण, त्याचा विषयही व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगाने २००७ मध्ये चर्चेला घेतला आणि अशा बालकांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत असं सांगितलं.

तेही उशिरानेच, एवढं मी म्हणेन. माझ्या आजीचं पहिलं मूल बाप्तिस्म्याआधी गेलं. त्याला दफनभूमीच्या भिंतीबाहेर पुरलं. आजी शेवटपर्यंत त्या भिंतीच्या बाजूने चालायची नाही. तेव्हा घाई आम्हाला कुठून आली ते आम्हाला माहीत आहे, तुम्ही सांगायला नको.

पेडण्याचा मास्तर

मी हिंदू, पण गोंयचा, म्हणून तोंड घालतो.

बाळाला विचारलं नाही हा मुद्दा मला फारसा पटत नाही. आम्ही बारशाला कुठे विचारतो? पण या भूमीत ‘न विचारता’ या दोन शब्दांना वजन आहे. १५५९ च्या पोर्तुगीज राजाज्ञेने हिंदूंची अनाथ पोरं सेंट पॉल कॉलेजच्या हवाली करून त्यांचा बाप्तिस्मा करायचं ठरवलं. पुढे अनाथ म्हणजे कोण याची व्याख्या ताणत ताणत आई, आजी जिवंत असलेल्यांपर्यंत नेली. आणि सिस्टरबाईंची गोष्ट हृद्य आहे, पण १८५८ साली बोलोन्यात काय झालं? मोर्तारा नावाच्या ज्यू कुटुंबातलं बाळ आजारी होतं, मोलकरणीने गुपचूप पाणी लावलं. काही वर्षांनी पोपच्या पोलिसांनी पोरगं घरातून उचललं, कारण म्हणे ते आता ख्रिस्ती! परत दिलंच नाही. चर्चच्या १९८३ च्या कायद्यातसुद्धा मरणाच्या दारातल्या बाळाला आईबापांच्या इच्छेविरुद्ध बाप्तिस्मा दिला तर तो रीतसर धरला आहे.

वसईची मडगावकरीण

मास्तर, त्या आईने स्वतः निरोप पाठवला होता. मोर्ताराच्या पंगतीत मला बसवू नका. त्याच कायद्यात एरवी आईबापांपैकी एकाची तरी संमती हवी, हेही आहे. तेवढं बरं गाळलंत.

पेडण्याचा मास्तर

गाळलं नाही, ‘एरवी’ होतं म्हणून थांबलो.

झुआरीकाठ

मास्तर, इन्क्विझिशनसाठी, चर्चच्या त्या जुन्या धर्मचौकशीसाठी, वेगळा धागा काढा, तिथे मी तुमच्या बाजूने लिहीन. इथे आईबापांच्या कडेवरच्या पोरांचं चाललंय.

नवजीवन, मान्झचं तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि लाजिरवाणं आहे. पण पंडिता रमाबाईंचं घ्या. मोठेपणी, विचारपूर्वक, घासाघीस करून बाप्तिस्मा घेतला, तुम्हाला हवा तसा. १८८३, इंग्लंडात वाँटेजला. आणि त्याच वेळी त्यांच्या मुलीचा, मनोरमेचाही झाला. ती जेमतेम अडीच वर्षांची. रमाबाई कुणाच्या सांगण्याला मुंडी हलवणाऱ्यातल्या नव्हत्या ना?

नवजीवन बायणा

रमाबाई थोर. रमाबाई बायबल नव्हेत.

तुम्ही रमाबाई आणलीत, मी बॅप्टिस्ट मिशनरी विल्यम कॅरी आणतो. त्याच्याही डोक्यावर लहानपणी पाणी पडलं होतं. १७८३ मध्ये नेन नदीत उतरून त्याने पुन्हा घेतला. १८०० मध्ये हुगळीत कृष्ण पाल याला दिला. आणि मराठी नवा करार पहिला कोणी छापला? याच कॅरीने, सेरामपूरला, १८११ मध्ये. आमच्याच माणसाने छापलेल्या पुस्तकातून आम्हाला शिकवताय!

तारवट्याची बायल

माहेर मालवणकडचं, शाळा मराठी, म्हणून इथे वाचते. तुमची कार्थेज न्‌ झुरिक राहू द्या बाजूला. जन्मतःच लागलेलं, बाप्तिस्म्याने धुतलं जाणारं ते मूळ पाप एवढं तातडीचं असेल तर आमच्या गोंयात ते हॉल मिळेपर्यंत कसं थांबतं?

नवरा बोटीवर. कॉन्ट्रॅक्ट संपून तो घरी आला तेव्हा पोर चालायला लागलेलं. फादर म्हणाले, पहिल्या काही आठवड्यांत करायचं असतं. मी म्हटलं, फादर, बापाविना करू? मग पाद्रीन (धर्मपिता) कुवेतहून, मादीन (धर्ममाता) स्विंडनहून, दोघांची रजा एका आठवड्यात बसेना. सासूचं म्हणणं मादीन नणंदच हवी. बाप्तिस्म्याचा पांढरा झगा चार महिन्यांच्या मापाचा घेऊन ठेवलेला, तो शेवटी पाठीला सेफ्टी पिना लावून घातला. फादर सैतानाचा धिक्कार करता का विचारत होते न्‌ माझं पोर मेणबत्ती ओढत होतं.

कोंबो

हाहा, आमच्याकडे पाद्रीन म्हणजे एटीएम. साखळी त्याची, केक त्याचा, बँडचे पैसे कुणाचे यावरून दोन घरं अजून बोलत नाहीत.

तारवट्याची बायल

साखळी मादीन घालते ना? आमच्याकडे पाद्रीन फक्त पाकीट देतो.

कोंबो

बार्देसात काय करतात माहीत नाही, आमच्याकडे साखळी पाद्रीनच. मादीन कपडे करते.

झुआरीकाठ

पाद्रीनाचा विषय निघालाच आहे तर माझं दुखणं ऐका. धाकटी बहीण कॅथलिक घरात दिली, सासष्टीत. भाचीचा बाप्तिस्मा डिसेंबरात. मामा म्हणून मी पाद्रीन, असं दोन्ही घरांनी ठरवलं. कागद न्यायला गेलो तर चर्चच्या ऑफिसात सांगितलं, तुम्ही कॅथलिक नाही, पाद्रीन होता येणार नाही, साक्षीदार म्हणून उभे राहा. मी विचारलं, माझा बाप्तिस्मा तुम्ही मानता? मानतो. म्हणजे मी तुमच्याकडे आलो तर पुन्हा देणार नाही? नाही. म्हणजे माझा बाप्तिस्मा चालतो, मी चालत नाही! उठून आलो.

वसईची मडगावकरीण

उठून काय आलात? सोळा पूर्ण, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर श्रद्धा पक्की करण्याचा विधी) झालेला, कॅथलिक, आणि स्वतः आईबाप नव्हे, अशी अट आहे. पोरीला आमच्या श्रद्धेत वाढवायची जबाबदारी तुम्ही घेणार का? नाही ना. मग सही कशी करणार? साखळी घालायला पाद्रीन लागत नाही, मामा पुरतो.

झुआरीकाठ

श्रद्धेत वाढवण्याची जबाबदारी स्विंडनहून व्हॉट्सॲपवर पार पडते आणि वास्कोतल्या मामाला मात्र जमणार नाही. बरं.

वसईची मडगावकरीण

टोमणा पोचला. अगदीच चुकीचा आहे असं नाही म्हणणार.

नवजीवन बायणा

बघा! धागा बाप्तिस्म्याचा आणि भांडण साखळीचं. विश्वास कुणाचा, सही कुणाची, पैसे कुणाचे, आणि ज्याचा बाप्तिस्मा ते झोपलेलं. म्हणून आम्ही बाळाचं फक्त अर्पण करतो. शमुवेलाला हन्नाने नेलं तसं. पाणी त्याने मोठेपणी मागावं.

झुआरीकाठ

अर्पणाला बाळाची संमती घेता का? पास्टर उचलतात, प्रार्थना करतात, सगळे आमेन म्हणतात, मग बिर्याणी. मी जेवलोय तुमच्याकडे, उत्तम होती. आमच्या विधीतलं पाणी काढा, तुमचं अर्पण तयार. वर आमच्याकडेही पोराला जाणतेपणी मंडळीपुढे उभं राहून दृढीकरणात स्वतःच्या तोंडाने सांगावं लागतंच.

आणि सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया घ्या. १९७० मध्ये नागपुरात सहा मंडळ्या एक झाल्या, त्यांत बॅप्टिस्टही होते, ब्रदरनही. बाळपणीचा आणि जाणतेपणीचा, दोन्ही रिवाज एका छपराखाली ठेवले. आजपर्यंत आभाळ कोसळलं नाही. पण बाळपणी झालाय त्याला पुन्हा नाही. एकच प्रभू, एकच विश्वास, एकच बाप्तिस्मा. पौलाचं वाक्य आहे, माझं नाही.

नवजीवन बायणा

दोन्ही डगरींवर हात.

तरी ‘लाज न बाळगता’ हे शब्द काढतो, झालं समाधान? बाकीची पोस्ट राहील. आणि तुम्ही भाचीसाठी उभे राहणार असाल तर राहा, पण तिला अठराव्या वर्षी बायण्याला पाठवा.

झुआरीकाठ

ती अठरा वर्षांची होईपर्यंत तुमची बिर्याणी खाऊन खाऊन पाठवीनही. खेळायला.

वसईची मडगावकरीण

साक्षीदाराचंही नाव वहीत लागतं, विचारून घ्या. जा डिसेंबरात, बहिणीचं मन मोडू नका.

तारवट्याची बायल

साक्षीदाराला साखळी घालावी लागते का हो?

झुआरीकाठ

ऑफिसात तसं काही म्हणाले नाहीत.

कोंबो

मग मामा, फायद्यातच आहात.