लाईट गेल्यावर मेणबत्ती लावताना

सचिव: सर्वांना नमस्कार. वळीव सुरू झाला की संध्याकाळी लाईट जाते, म्हणून मेणबत्तीविषयी आताच बोललेले बरे. पेटती मेणबत्ती कोणी नसलेल्या खोलीत ठेवू नये. पडदा, गादी आणि रद्दीपासून ती किमान एक फूट दूर असावी. आणि टीव्हीवर किंवा प्लॅस्टिकच्या झाकणावर न चिकटवता स्टीलच्या ताटलीत वाळू घालून तीत रोवावी. शक्य असेल त्यांनी चार्जिंगची बॅटरीच वापरावी, हे सर्वांत उत्तम.

फ्लॅट ३०२: साहेब, ताटलीत साचलेल्या मेणानेच पेट घेतला तर त्यावर पाणी ओतावे का?

फ्लॅट २०१: ताई, पाणी अजिबात ओतू नका. पाणी मेणापेक्षा जड असल्याने तळाशी जाते, तिथे त्याची क्षणात वाफ होते आणि ती वाफ जळते मेण चहूकडे उडवते. जवळचे पातेले त्यावर उपडे घालावे, म्हणजे हवा न मिळाल्याने ज्वाळा बसते. कढईतील तेल पेटले तरी गॅस बंद करून झाकणच ठेवावे. हातावर मेण सांडले तर मात्र वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली हात धरावा. टूथपेस्ट किंवा हळद लावू नये.

फ्लॅट ४०३: मुलांनो, देवघराकडेही लक्ष असू द्या. तुपात भिजलेल्या फुलवातीच्या वासाने उंदीर येतो आणि पेटती वात ओढून कपाटामागे नेतो, हे जुन्या घरांत आम्ही ऐकत आलो आहोत. बाहेर जाताना आणि निजताना निरांजन शांत करावे, देव त्यासाठी रागावत नाही. नवरात्रात अखंड दिवा असेल, तर त्याभोवती काच ठेवावी आणि घरात कोणीतरी थांबावे.

फ्लॅट १०४: २०१९ च्या महापुरात शहराच्या कित्येक भागांत वीजही नव्हती आणि रस्त्यांवर पाणी असल्याने गाड्याही पोहोचत नव्हत्या. अशा वेळी घरात आग लागली, तर आपल्याला वाचवायला आधी आपणच असतो. म्हणून जिन्यातील सायकली, चपलांचे स्टँड आणि जुन्या गाद्या हलवाव्यात, ही माझी कळकळीची विनंती आहे.

सचिव: १०४ यांचे म्हणणे रास्त आहे. सर्वांनी रविवारपर्यंत जिना मोकळा करावा. गॅसचा वास आल्यास काडी ओढू नये, बटणेही दाबू नयेत. रेग्युलेटर बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि बाहेर येऊन १९०६ वर कळवावे. अग्निशमन दलाचा क्रमांक १०१ आहे. हे दोन्ही क्रमांक मी आज लिफ्टजवळ लावतो.