आईच्या इको (हृदयाची सोनोग्राफी) रिपोर्टमध्ये 'ग्रेड १ डायस्टॉलिक डिसफंक्शन', चतुर्थीचं काम करू द्यायचं का?

अस्नोड्याची_लेक: रिपोर्टमध्ये वरीलप्रमाणे लिहिलंय. खाली ईएफ ६०%. हे हार्ट फेल्युअर का? डॉक्टर पुढच्या आठवड्यात भेटणार. चतुर्थी तोंडावर आलीय, माटोळी (गणपतीवर टांगायची फळा-भाज्यांची चौकट) बांधण्यापासून नेवऱ्यांपर्यंत (करंज्यांपर्यंत) सगळं आईच करते. करू द्यायचं की नाही, तेवढंच सांगा.

फोंडेकर: वय? बीपी? शुगर? दम लागतो का? पाय सुजतात का?

मडगावचा_नाना: थांबू नका, अँजिओग्राफी करून घ्या. माझ्या साडूचं असंच दुर्लक्ष झालं होतं.

फोंडेकर: नाना, अँजिओग्राफीत रक्तवाहिन्यांतले ब्लॉक दिसतात. इथे प्रश्न आकुंचनानंतर हृदय पुन्हा सैल होण्याचा आहे. आधी तिचं उत्तर येऊ दे.

अस्नोड्याची_लेक: वय ६८, बीपीच्या दोन गोळ्या, शुगर नाही, बारीक अंगाची आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी फिटनेससाठी इको काढला होता. दम-बिम काही नाही.

इको_टेक: ग्रेड १ म्हणजे डावा कप्पा सावकाश सैल होतो. साठीनंतर, त्यातून बीपी असेल तर, हे खूपदा दिसतं. ईएफ म्हणजे दर ठोक्याला डावा कप्पा किती टक्के रक्त बाहेर ढकलतो; त्यावरून फक्त आकुंचन कळतं, त्यामुळे ६०% असूनही फेल्युअर असू शकतं. आत दाब वाढलाय का ते बाकीच्या आकड्यांवर ठरतं. ई, ए (कप्प्यात रक्त शिरण्याचे दोन वेग), दोन्ही ई प्राइम (सैल होताना हृदयाच्या भिंतीचा वेग, सेप्टल आणि लॅटरल), टीआर व्हेलॉसिटी (उजव्या झडपेतून मागे येणाऱ्या रक्ताचा वेग) आणि डाव्या एट्रियमचा (वरच्या कप्प्याचा) व्हॉल्यूम इंडेक्स (आकारमान) इथे टाका.

डिचोलीचा_भाई: अर्जुनारिष्ट सुरू करा, हृदयाला उत्तम.

फोंडेकर: भाई, बीपीच्या दोन गोळ्या चालू आहेत हे वाचलंत ना? डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही देऊ नका.

अस्नोड्याची_लेक: ई ६०, ए ८५, सेप्टल ६, लॅटरल ८, टीआर २.३, इंडेक्स २९. आता तरी सांगा!

इको_टेक: ई प्राइमची सरासरी ७, ६० भागिले ७ म्हणजे साधारण ८.६. हे १४ च्या वर, टीआर २.८ च्या वर, इंडेक्स ३४ च्या वर गेला की काळजी. तिघेही खाली आहेत, म्हणजे आडवं पडून काढलेल्या इकोत दाब वाढलेला नाही. धोका आहे तो बीपीमुळे, ते नीट ताब्यात ठेवा.

मडगावचा_नाना: ईएफ चांगला असतानाही फेल्युअर असेल का, याचा अंदाज बांधायचा मेयो क्लिनिकचा २०१८ चा स्कोअर आहे. साठीवरचं वय १, दोन गोळ्या १. दोन झाले, म्हणजे संशय आहेच.

इको_टेक: नाना, तो स्कोअर कारण न कळता दम लागणाऱ्यांसाठी आहे. लक्षण नसलेल्यांना लावायचा नाही.

पणजीवाली_मावशी: पावसाळ्यातलं खारं आणि लोणचं पहिलं बंद करा. आणि सोलकढीत मीठ घालायची गरज काय असते, मला आजवर कळलेलं नाही.

डिचोलीचा_भाई: मीठ नसेल तर ती सोलकढी कसली!

अस्नोड्याची_लेक: आताच आईला विचारलं. माळ्यावर चढताना मध्ये थांबावं लागतं म्हणे, "पण ते वयाचं, तुला कशाला सांगू?"

इको_टेक: मग माझं वरचं उत्तर अपुरं. चढताना दम लागणाऱ्यांचा दाब कधीकधी श्रमातच वाढतो, विश्रांतीत काढलेल्या इकोत दिसत नाही. डॉक्टरांना हे स्पष्ट सांगा, एनटी-प्रो-बीएनपीची (हृदयावरचा ताण दाखवणारी) रक्त तपासणी आणि गरज वाटली तर स्ट्रेस इकोबद्दल (श्रम करवून काढायच्या इकोबद्दल) विचारा. हिमोग्लोबिनही बघून घ्या. रात्री झोपेत दम लागला, पाय सुजले किंवा छातीत दुखलं तर पुढच्या आठवड्याची वाट बघू नका.

अस्नोड्याची_लेक: आणि नेवऱ्या?

पणजीवाली_मावशी: बसून लाटू दे गे. माटोळीला शिडीवर तू चढ.