मदत हवी आहे: करपात्र उत्पन्न दोन लाख, तरी साडेसहा लाख कर कामून?

लातूरचा_गोदामवाला: नव्या गोदामाचा सगळा खर्च वजा केला, उत्पन्न दोन लाखांवर आलं. अडीच लाखांपर्यंत करच नाही ना? तरी आमचे सीए म्हणतात ६ लाख ६२ हजार भरा, 'एएमटी' (वजावटींनी कर फार कमी झाला तरी द्यावा लागणारा पर्यायी किमान कर) लागला. मुदत तोंडावर आली, बँकेचा हप्ता वेगळाच. हे टाळायचं कसं, तेवढं सांगा.

मोंढ्यातला_सखा: गोदाम कशाचं? खर्च किती, जागा धरून का सोडून? काहीच लिहिलं नाही भाऊ.

बीडकर_तात्या: शेतमालाचं असंल तर शेतीचं उत्पन्न दाखवा. शेतीला कर नाही. सीए बदला.

हिशोबनीस_नांदेड: तात्या, अशानं माणसाच्या घरी नोटीस यायची. दुसऱ्याचा माल ठेवून घेतलेलं भाडं म्हणजे धंद्याचं उत्पन्न. गोदामवाले, वर्ष कोणतं, नफा किती?

लातूरचा_गोदामवाला: २०२४-२५. नफा ३८ लाख, त्यात जुन्या दोन गोदामांचंही भाडं आलं. नव्यावर जागा सोडून ३६ लाख गेले, तेच कलम ३५एडीखाली, म्हणजे एकाच वर्षी पूर्ण वजावट म्हणून, घेतले. सोयाबीन-तूर ठेवतात लोक. ऑगस्टपासून चालू आहे. आता सांगा!

परभणीकर_डलास: इकडे अमेरिकेतही एएमटी आहे. कंपनीचे शेअर स्वस्तात घेतले, विकले नाहीत, तरी मला फॉर्म ६२५१ भरावा लागला.

हिशोबनीस_नांदेड: तिकडचा नियम वेगळा. इथं २०२४-२५ साठी कलम ११५जेसी. सीए बरोबर आहेत. एएमटी काढताना तुमच्या दोन लाखांत ३५एडीचे ३६ लाख परत धरतात, बदल्यात इमारतीचा १० टक्के घसारा (झिजेपोटीची वजावट), म्हणजे ३ लाख ६० हजार वजा देतात. उरले ३४ लाख ४० हजार. व्यक्तीला २० लाखांच्या वर गेलं की हा कर लागतो: १८.५ टक्के, वर ४ टक्के उपकर. ६,६१,८५६ होतात. सीएंचा फॉर्म २९सीमधला अहवालही लागतो. आगाऊ कर भरला नसेल तर व्याज वेगळं.

तुळजापूरकर: मी सांगतो, हिंदू अविभक्त कुटुंब करा, उत्पन्न तिकडे वळवा. आमचं दहा वर्षं चाललंय.

हिशोबनीस_नांदेड: अविभक्त कुटुंबालाही एएमटी आहे, मर्यादाही तीच २० लाखांची. दादा, ज्यानं विचारलंय त्याचं आधी बघू.

मोंढ्यातला_सखा: मग नव्या करपद्धतीत जा म्हणावं. तिथं एएमटी नाही.

हिशोबनीस_नांदेड: तिथं ३५एडी पण नाही. घसारा वजा करून ३४.४ लाखांवर ७,५०,८८० कर येतो, म्हणजे जास्तच. शिवाय जुन्या पद्धतीत भरलेले ६.६२ लाख बुडत नाहीत. ते क्रेडिट म्हणून १५ वर्षं पुढं नेता येतात. ज्या वर्षी नेहमीचा कर एएमटीपेक्षा जास्त निघेल, त्या वर्षी तेवढ्या फरकापुरते वळते होतात. नव्या पद्धतीत गेलात की ते वापरता येत नाहीत. मला खरी काळजी दुसरीच आहे. धंद्याचं उत्पन्न असेल तर जुनी पद्धत निवडायला फॉर्म १०-आयईए रिटर्नच्या मुदतीत भरावा लागतो. भरला का?

लातूरचा_गोदामवाला: ते माहीत नाही, विचारतो. क्रेडिटचं कुणी बोललंच नव्हतं. मला वाटलं पैसे गेलेच.

हिशोबनीस_नांदेड: आजच विचारा, उद्यावर टाकू नका. आणि आठ वर्षं त्या गोदामात शेतमालच ठेवा, सिमेंट भरलं तर वजावट अंगाशी येते.

औशाची_सुनंदा: २०२४-२५ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता अन् आम्ही मोंढ्यात त्याच्या खाली विकलं, ठेवायला जागाच नव्हती. दादा, पोत्यामागं महिन्याचं भाडं काय घेता? तारण कर्जाला तुमची पावती चालते का?

लातूरचा_गोदामवाला: सीए फोन उचलंनात. ताई, त्यांच्याकडेच निघालोय, संध्याकाळी सांगतो.