प्रतिसाद: मिंग घराणं बुडवलं कोणी?
चीनचं मिंग राजघराणं मांचूंनी (ईशान्येकडच्या लोकांनी) बुडवलं, असं मूळ लेखात म्हटलंय. पण एप्रिल १६४४ मध्ये बीजिंग घेतलं ते ली झिचेंगच्या बंडखोरांनी. मांचू जूनमध्ये पोचले, तेही मिंगांचाच सेनापती वू सानग्वे शानहायग्वानला (चीनच्या भिंतीवरच्या खिंडीत) त्यांना सामील झाल्यावर.

खरी कीड महसुलात होती. १५८१ पासून बहुतेक कर चांदीत भरायचे, शेतकऱ्याच्या हाती मात्र धान्य आणि तांब्याची नाणी. चांदी महागली की आकारणी तीच राहूनही बोजा वाढायचा. वर १६१८ पासून ईशान्येकडच्या ल्याओतुंगमध्ये मांचूंशी चाललेल्या लढाईसाठी जादा पट्टी. वायव्येकडच्या शाआन्शी (Shaanxi) प्रांतात दुष्काळ पडला तरी तगादा सुटला नाही. १६२९ मध्ये काटकसर म्हणून सरकारी टपालचौक्या कमी केल्या, बेकार झालेल्यांत हाच ली झिचेंग होता (केवढ्याला पडली ही बचत!). पगार थकलेले शिपाईही मग बंडखोरांनाच मिळाले.