आनंद पटवर्धनांना एका माहितीपटासाठी १४ वर्षे का लागली?

प्रश्न
'जय भीम कॉम्रेड' नुकताच पाहिला. घाटकोपरच्या रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी झालेल्या पोलीस गोळीबारानंतर हाती घेतलेला हा माहितीपट पूर्ण झाला तो थेट २०११ मध्ये. बातमी महिनाभरात शिळी होते, मग एखादा दिग्दर्शक एकाच विषयाला इतकी वर्षे कसा धरून बसतो? शिवाय ज्यांच्या कामाला चित्रपटगृहे सहसा मिळत नाहीत, त्यांची कारकीर्द १९७४ पासून आजवर टिकते तरी कशी? जाणकारांनी सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १
या १४ वर्षांचे मूळ १९९७ च्याही मागे आहे. मुंबईतल्या झोपडपट्टीवासीयांवर १९८५ मध्ये केलेल्या 'हमारा शहर'मध्ये शाहीर विलास घोगरे यांचे गाणे आहे. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेमुळे जमलेल्या लोकांवर गोळीबार होऊन दहा जण मारले गेले आणि चारच दिवसांनी याच घोगरे यांनी मुलुंडच्या आपल्या झोपडीत गळफास घेतला. म्हणजे पटवर्धन बातमीच्या मागे नव्हे, तर ओळखीच्या माणसाच्या मृत्यूचा माग काढत निघाले होते, आणि तो माग त्यांना शाहिरी जलशांपर्यंत घेऊन गेला. माझ्या मते खरी मेख अशी, की चित्रपटाचा उत्तरार्ध १९९७ मध्ये अस्तित्वातच नव्हता. ज्या कबीर कला मंचाचे तरुण शाहीर आपण त्यात पाहतो, तो मंच पुण्यात २००२ मध्ये सुरू झाला, आणि गोळीबाराच्या खटल्यात पोलीस अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने शिक्षा सुनावली तीही २००९ मध्ये. घाई केली असती तर हाती एक शोकांतिका लागली असती, इतकेच.

प्रतिसाद २
कारकीर्द कशी टिकली, याविषयी थोडे. मुंबईत १९५० मध्ये जन्मलेल्या पटवर्धनांनी अमेरिकेत समाजशास्त्राचे शिक्षण घेतले आणि परतल्यावर ते जयप्रकाश नारायणांच्या बिहार आंदोलनात गेले. तिथे उसन्या सुपर ८ (घरगुती वापराच्या छोट्या फिल्मच्या) कॅमेऱ्याने टिपलेली दृश्ये पडद्यावर पाडून १६ मिमी कॅमेऱ्याने पुन्हा चित्रित केली, आणि त्यातून पहिला चित्रपट, 'क्रांति की तरंगें', उभा राहिला. आणीबाणीत त्याची प्रत तुकडे करून, वेगवेगळ्या प्रवाशांच्या हाती देशाबाहेर पाठवावी लागली. पुढे सत्तेची आडकाठी वेगळ्या रूपात आली. 'राम के नाम'ला १९९२ चा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण ज्या सरकारने तो दिला त्याच सरकारच्या दूरदर्शनला तो दाखवायला लावण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागले. 'पिता, पुत्र और धर्मयुद्ध' दूरदर्शनवर दाखवण्याचा वाद तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि २००६ मध्ये निकाल पटवर्धनांच्या बाजूने लागला. 'जंग और अमन'मध्ये सेन्सॉर मंडळाने सुचवलेली काटछाटही २००३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली. थोडक्यात, संकलनाची खोली सोडली की त्यांचा पुढचा मुक्काम कोर्टात, हे जवळपास ठरूनच गेले होते.

प्रतिसाद ३
वरील माहिती बरोबर आहे, परंतु कोर्टकज्ज्यांच्या चर्चेत एक गोष्ट नेहमी मागे पडते, म्हणून लिहितो. 'हमारा शहर'मध्ये झोपडी पाडली गेलेली एक बाई कॅमेऱ्यामागच्या माणसालाच फैलावर घेते: गरिबांचे फोटो काढून तुम्हाला नाव कमवायचे आहे का? आपल्यावरचा असा थेट आरोप कोणीही कात्रीखाली घातला असता. त्यांनी तो ठेवला. त्या बाईला चित्रपटात उत्तर मिळत नाही, आणि मिळायलाही नको होते. मात्र पुढच्याच वर्षी, १९८६ मध्ये, झोपड्या पाडण्याच्या विरोधात शबाना आझमींसह जे उपोषणाला बसले, त्यांत पटवर्धन होते. (त्यांच्या चित्रपटांवर एकांगीपणाचा आक्षेप घेतला जातो. तो मला काही ठिकाणी पटतोही, कारण निवेदन कधीकधी प्रेक्षकाच्या आधीच निष्कर्षाला पोहोचते. पण वरच्या प्रसंगाला तो लागू पडत नाही.)

ज्यांना राजकीय चित्रपट जड वाटतात त्यांनी पटवर्धनांच्या स्वतःच्या कुटुंबावरच्या 'वसुधैव कुटुंबकम'पासून सुरुवात करावी. त्यात स्वातंत्र्यलढ्यातले काका अच्युतराव आणि रावसाहेब पटवर्धन आहेतच, पण मला आठवतात ते घरातले प्रसंग. कुंभारकलेत आयुष्य घालवलेली आई निर्मला आणि थकत चाललेले वडील एकमेकांची थट्टा करत बसलेले असतात, आणि मुलगा कॅमेरा धरून मधूनच प्रश्न विचारत असतो.